मर्मर, डूलिटल की लव्हलेस: पहिला अल्बम कोणता ऐकायचा?

"इंडी रॉक ऐकायचंय, सुरुवात कुठून करू?" हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. पूर्वी मी उत्तरादाखल वीस-पंचवीस नावांची यादी पाठवायचो. ती यादी आजवर एकानेही पुरी केलेली नाही. आता मी तीनच अल्बम सांगतो, आणि त्यातलाही एकच आधी ऐकायला सांगतो. कुठला, ते विचारणाऱ्याच्या कानावर ठरतं.

ते तीन म्हणजे आर.ई.एम.चा 'मर्मर' (१९८३), पिक्सीजचा 'डूलिटल' (१९८९) आणि माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा 'लव्हलेस' (१९९१). तिन्ही थोर आहेत यावर फारसा वाद होणार नाही, पण मी ते थोरवीसाठी निवडलेले नाहीत. एकात चाल आणि गूढपणा आहे, दुसऱ्यात ठेका आणि झटका, तिसऱ्यात निव्वळ नाद. यातलं तुमच्या कानाला आधी काय भिडतं, त्यावर पुढचा सगळा प्रवास ठरतो.

'इंडी' आणि 'अल्टरनेटिव्ह' यांत फरक काय, या प्रश्नात फार अडकू नका. 'इंडी' हा मुळात धंद्यातला शब्द: मोठ्या कंपनीऐवजी स्वतंत्र, छोट्या कंपनीने काढलेली रेकॉर्ड. 'अल्टरनेटिव्ह' हा शब्द अमेरिकेत कॉलेजांच्या रेडिओ केंद्रांभोवती वाढला. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाने या संगीतासाठी लोकप्रिय गाण्यांचा वेगळा तक्ता सप्टेंबर १९८८मध्ये सुरू केला, तेव्हा 'मर्मर' येऊन पाच वर्षं उलटली होती. म्हणजे संगीत आधी आलं, पाट्या नंतर लागल्या.

शब्द कळले नाहीत तर?

इंग्रजी गाण्यातले शब्द पकडता येत नाहीत म्हणून हे संगीत आपल्यासाठी नाही, असं वाटणारे बरेच जण मला भेटलेत. त्यांना मी मुद्दाम हेच तीन अल्बम देतो, कारण इथे ती अडचण जवळजवळ उरतच नाही.

'मर्मर'मध्ये मायकेल स्टाइप काय गातोय, ते इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही धड कळलेलं नाही. तो ओठांतल्या ओठांत पुटपुटतो, शब्द अर्धेच सोडतो, मध्येच एखादी ओळ लख्ख ऐकू येते आणि पुन्हा धुकं. रेकॉर्डिंगच्या वेळी तो स्टुडिओलगतच्या जिन्यात, दिवे मालवून गायला होता. तो अंधार आवाजात उतरलाय असं मला दर वेळी वाटतं. इथे गळा हे एक वाद्य आहे. ते तसं ऐकलं की शब्दांची चुटपुट लागत नाही.

'डूलिटल'मध्ये शब्द कळतात, पण कळून फारसा उपयोग होत नाही. पिक्सीजचा गायक ब्लॅक फ्रान्सिस एका गाण्यात लुई बुन्युएल आणि साल्वादोर दाली यांच्या १९२९ सालच्या मूकपटाबद्दल ओरडतो, दुसऱ्यात बायबलमधला सॅमसन आणतो, तिसऱ्यात समुद्रातला कचरा आणि ओझोनला पडलेलं भोक. सुसंगत गोष्ट कुठेच नाही. चित्रं मात्र डोळ्यांसमोर येतात, आणि तो ज्या तऱ्हेने कुजबुजीवरून किंकाळीवर जातो ते कुठल्याही भाषेत समजतं.

'लव्हलेस'मध्ये गाणारे दोघं, केव्हिन शील्ड्स आणि बिलिंडा बुचर, गिटारच्या मागे कुठेतरी आहेत. आवाज इतके खाली ठेवलेत की कोण गातंय हेही कधीकधी ओळखू येत नाही. बुचरचं गाणं बऱ्याचदा तिला नुकतीच जाग आलेली असताना रेकॉर्ड केलेलं आहे, आणि ती अर्धवट झोप स्पष्ट जाणवते.

तेव्हा शब्दांवर जीव असेल, ओळ न ओळ समजून घ्यायची सवय असेल, तर तिन्हींपैकी एकही पहिला घेऊ नका. द स्मिथ्सचा 'द क्वीन इज डेड' (१९८६) घ्या. त्यात प्रत्येक शब्द ऐकू येतो आणि तो ऐकावा म्हणूनच लिहिलाय.

गिटार: तीन हात, तीन स्वभाव

खरा फरक इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

आर.ई.एम.चा पीटर बक रिकनबॅकर गिटार वाजवतो, आणि सगळ्या तारा एकदम झोडण्याऐवजी एकेक तार छेडत जातो. सूर मोकळे, खणखणीत, पाण्यावर ऊन पडावं तसे. बँडने ठरवूनच गिटारचे एकल तुकडे टाळले, त्या काळी सगळीकडे बोकाळलेला सिंथेसायझरही टाळला. कंपनीने आधी त्यांना एका वेगळ्या निर्मात्याकडे पाठवलं होतं. त्याने एकच गाणं पुन्हापुन्हा वाजवायला लावलं, वर स्वतःच्या कल्पना चिकटवल्या. बँड वैतागून मिच ईस्टर आणि डॉन डिक्सन या आपल्या ओळखीच्या माणसांकडे परतला. म्हणून 'मर्मर' त्या वर्षांतल्या इतर रेकॉर्डसारखा जुना झालेला वाटत नाही. शिवाय माइक मिल्सचा बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार. गाण्याची अर्धी चाल तो एकटाच सांभाळतो. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त त्याच्या मागे जा.

पिक्सीजचं कौशल्य गाण्याच्या बांधणीत आहे. कडव्यात फक्त बास, ड्रम आणि दबलेला आवाज, मग ध्रुवपदाला सगळं एकदम अंगावर येतं, आणि लगेच पुन्हा शांत. ही युक्ती तुम्ही नकळत ऐकलेली असण्याची दाट शक्यता आहे, कारण निर्वाणा या बँडच्या कर्ट कोबेनने १९९४च्या एका मुलाखतीत उघड मान्य केलं होतं की आपलं सगळ्यात गाजलेलं गाणं लिहिताना तो पिक्सीजचीच नक्कल करू पाहत होता. जोई सँटियागोची गिटार या बांधणीत काट्यासारखी रुतते: दोन-तीनच सूर, तेही वाकवलेले, पण नेमक्या जागी.

गाणी छोटी आहेत. पंधरा गाणी अडतीस-एकोणचाळीस मिनिटांत आटपतात. निर्माता गिल नॉर्टनला ती थोडी लांबवायची होती. फ्रान्सिस त्याला रेकॉर्डच्या दुकानात घेऊन गेला, बडी हॉलीच्या गाण्यांची रेकॉर्ड हातात दिली आणि मागे छापलेल्या वेळा दाखवल्या. बहुतेक गाणी दोन मिनिटांच्या आसपास. वाद तिथेच मिटला. नवख्या माणसाच्या दृष्टीने हा फार मोठा गुण आहे: एखादं गाणं नाही आवडलं, तर दोन मिनिटांत दुसरं येतं.

आणि शील्ड्स. त्याच्या गिटारवर तारांचा ताण कमी-जास्त करणारी एक दांडी असते. बाकीचे वादक ती अधूनमधून हलवतात. शील्ड्स ती हातात धरूनच तारा छेडतो. त्यामुळे एकही सूर जागेवर उभा राहत नाही, अख्खा कॉर्डच, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ, मींड घेतल्यासारखा वरखाली सरकत राहतो. ऐकताना वाटतं की शेकडो गिटार एकावर एक रचल्यात. शील्ड्सने वारंवार सांगितलंय की थर लोकांना वाटतात त्यापेक्षा खूप कमी आहेत. हा परिणाम साधायला दोन वर्षांहून अधिक काळ आणि १९ स्टुडिओ लागले. मध्ये ड्रमर आजारी होता, म्हणून बहुतेक गाण्यांतला ठेका त्याच्याच वादनाचे तुकडे जोडून बांधलाय. अल्बम नोव्हेंबर १९९१मध्ये आला, आणि पुढचा यायला २०१३ साल उजाडलं.

या तिघांत माझा सगळ्यात लाडका 'लव्हलेस' आहे. आणि म्हणूनच तो पहिला ऐकू नका असं मी कळकळीने सांगतो. मी तो माझ्या एका जवळच्या मित्राला पहिला दिला होता. त्याने तो फोनच्या स्पीकरवर, हळू आवाजात, काम करता करता लावला. त्याला वाटलं फाइल खराब आहे. "सूर बिघडलेत सगळे," म्हणाला. त्यात त्याची चूक नव्हती, चूक माझी होती. त्यानंतर कित्येक वर्षं माझ्याकडून त्याने एकही शिफारस घेतली नाही, आणि या संगीतातला एक सोबती मी तेवढा काळ गमावला.

कशावर, केव्हा

यात तिघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'डूलिटल' कशावरही चालतो, चालताना, प्रवासात, साध्या इअरफोनवर. 'मर्मर' संध्याकाळचा आहे, मध्यम आवाजात, शक्यतो एकट्याने. त्यातले बारीकसारीक आवाज हेडफोनवर सापडतात. 'वी वॉक'मध्ये ढगांचा गडगडाट वाटतो, ते खरं तर ड्रमर बिल बेरी बिलियर्ड्स खेळत असताना टिपलेले चेंडूंचे आवाज आहेत, गती कमी करून वापरलेले.

'लव्हलेस' मात्र चांगल्या स्पीकरवर किंवा कान झाकणाऱ्या हेडफोनवर, नेहमीपेक्षा थोड्या मोठ्या आवाजात हवा. आवाज कमी केला की सगळ्याचा चिखल होतो. वाढवला की त्या चिखलातून चाली वर येतात, आणि त्या अतिशय गोड आहेत. थोड्या मोठ्या म्हणजे थोड्याच. या बँडच्या मैफली इतक्या कर्णकर्कश असतात की २००८मध्ये ते पुन्हा एकत्र आले तेव्हा दारातच कानात घालायचे बोळे वाटले जात होते. घरी ती बरोबरी करायचं काही कारण नाही.

एक आवडल्यावर पुढे काय

'डूलिटल'मधून निघणारे रस्ते सगळ्यात जास्त. मागे गेलात तर 'सर्फर रोझा' (१९८८), तेच लोक पण जास्त खडबडीत, कारण तो स्टीव्ह अल्बिनीने रेकॉर्ड केलाय. अल्बिनीचं नाव लक्षात ठेवा. पी.जे. हार्वीचा 'रिड ऑफ मी' आणि निर्वाणाचा 'इन युटेरो', दोन्ही १९९३चे, त्याच्याच हातचे. ड्रम तुमच्याच खोलीत वाजतायत असं वाटायला लावणं ही त्याची खूण. पिक्सीजमध्ये तेव्हा बास वाजवणाऱ्या किम डीलचा दुसरा बँड द ब्रीडर्स, त्यांचा 'लास्ट स्प्लॅश' हाही १९९३चाच. एकाच ओळखीतून चार उत्तम अल्बम हाती लागतात.

'मर्मर'वरून पुढे आर.ई.एम.चाच 'रेकनिंग' (१९८४), आणि तिथून पेव्हमेंट हा बँड. पेव्हमेंटला आर.ई.एम.चं इतकं वेड होतं की त्यांनी त्यांच्यावर एक अख्खं गाणंच केलं, आणि त्यात आपलं नावडतं गाणं कुठलं तेही सांगून टाकलं. त्यांचा 'क्रुकेड रेन, क्रुकेड रेन' (१९९४) आधी घ्या, 'स्लँटेड अँड एनचँटेड' (१९९२) नंतर.

'लव्हलेस'नंतर स्लोडाइव्हचा 'सूव्हलाकी' (१९९३) आणि राइडचा 'नोव्हेअर' (१९९०). हा रस्ता अरुंद आहे, पण खोल जातो.

मग तुम्ही कुठला घ्याल?

आतापर्यंत हार्ड रॉक, पंक किंवा निर्वाणा ऐकलं असेल, किंवा रॉक अजिबातच ऐकलं नसेल आणि पटकन पकड घेणारं काही हवं असेल, तर 'डूलिटल'. दहापैकी सात-आठ जणांना मी हाच देतो.

चालींवर प्रेम असेल, आरडाओरडा नको असेल, एखादी गोष्ट हळूहळू उलगडली तर ती जास्त आवडत असेल, तर 'मर्मर'. याला तीनदा तरी ऐकायची तयारी ठेवा. पहिल्यांदा तो सगळा एकसारखा वाटतो, दुसऱ्यांदा दोन-तीन गाणी वेगळी होतात, तिसऱ्यांदा कुठलं तरी एक दिवसभर डोक्यात राहतं.

इलेक्ट्रॉनिक किंवा अँबियंट संगीताची सवय असेल, चाल आणि शब्द यांच्याआधी आवाजाचा पोत ऐकायची आवड असेल, तर माझा नियम मोडा आणि थेट 'लव्हलेस' घ्या. अशा कानांना तो पहिल्या मिनिटात आपलासा करतो. तीन वर्षांपूर्वी एका टेक्नो ऐकणाऱ्या मैत्रिणीला मी भीत भीत दिला होता. तिने त्याच रात्री तो दोनदा ऐकला.

एका वेळी एकच. दोन आठवडे तोच ऐका आणि तोवर दुसरा उघडूही नका. कुणी मोठ्या उत्साहाने आणखी दहा नावं सुचवली तर ती लिहून ठेवा, पण लावू नका.

बाकीच्यांची 'लव्हलेस'ची पाळी येईल तेव्हा त्यांनी पहिल्या गाण्यापासून सुरुवात करू नये. आधी शेवटचं, 'सून', लावावं. गिटारचा तो सगळा लोंढा त्यातही आहे, पण खाली नाचता येईल असा सरळ ठेका आहे, आणि त्याला धरून राहता येतं. तो पायात भिनला की मग पहिल्या गाण्यावर या. ड्रमचे चार ठोके पडतील, आणि गिटारची लाट येईल.