पोकळ भांड्यासाठी लेझर: लाल-हिरवा नंतर, आधी करंट कुठून देणार ते ठरवा

लेथवर लाकडाचं भांडं आतून कोरताना कटर आत असतो, भिंत किती जाड उरली ते दिसत नाही. म्हणून कोरायच्या बारवर दांडी लावून तिच्यावर लेझर बसवतात, त्याचा टिपका भांड्याच्या बाहेर पडून जाडी दाखवतो. हा लेझर घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, लाल घेऊ का हिरवा. त्यावर चहाचे दोन राऊंड होतात आणि प्रश्न तिथेच राहतो. मला विचाराल तर रंगाचं नंतर बघू, आधी त्याला करंट कुठून देणार ते ठरवा. माझा नेहमीचा लेझर लालच आहे, पण त्याला करंट द्यायच्या जेवढ्या पद्धती डोक्यात येतील त्या सगळ्या करून झाल्यात, आणि त्यातली एक आता पक्की झालीय. ती शेवटी सर्वांना पटेलच असं नाही, प्रत्येकाचा लेथ वेगळा, जागा वेगळी.

त्याच्याही आधी एक. तुमचा हॉलोइंग बार (पुढे कटर असलेली, आतून कोरायची लांब दांडी) मोकळा हातात धरायचा आहे का, की पकडलेला आहे, म्हणजे मागे डी-हँडल गेटमध्ये (D आकाराची मूठ दोन आडव्या दांड्यांमध्ये अडकवलेली) किंवा जोडाचा आर्म, ज्यात बार स्वतःभोवती फिरूच शकत नाही? मोकळा असेल तर लेझरच्या नादी लागू नका असं माझं मत. लेझरची दांडी कटरच्या वर साधारण 20 सेंटीमीटरवर असते, म्हणजे बार हातात नुसता 1 डिग्री फिरला तरी टिपका साडेतीन मिलीमीटर सरकतो. भिंत ठेवायची आहे 6 मिलीमीटर आणि खूण सरकतेय साडेतीन, मग काय उपयोग. अमेरिकन लाकूड-टर्नर डेव्हिड एल्सवर्थसारखी माणसं वाकडी टूल्स हातात धरून, अरुंद तोंडातून, हाताच्या अंदाजाने आणि आवाजावर पातळ भांडी करत आली, ती गोष्टच वेगळी. आपण पकडलेल्या बारवाले आहोत असं धरून पुढे लिहितो.

टिपका कटरच्या टोकाच्या बाहेर भिंतीच्या जाडीइतका लावायचा, कोरत जायचं, टिपका भांड्याच्या कडेवरून खाली पडला की तिथे थांबायचं, हे सगळ्यांना माहितीच आहे. पण जरा विचार करा, या अख्ख्या जुगाडात आपल्याला मिळणारी खूण काय? टिपका दिसेनासा होणं. म्हणजे टिपका दुसऱ्या कुठल्या कारणाने गेला तर लेझर आपल्याशी खोटं बोलला. सेल उतरला तरी टिपका जातो, वायर सैल झाली तरी जातो, भिंत 6 मिलीमीटर झाली तरी जातो. तिन्हीत फरक कळत नाही, कारण आपली नजर टिपक्यावर असते आणि कटर आत कुठेतरी अंधारात असतो. कोणी म्हणेल, चांगलंय की, चुकून थांबलो तर भांडं वाचलंच. बरोबर आहे, पहिल्या वेळी वाचतं. पण दर थोड्या वेळाने उगाच टिपका जायला लागला की माणूस खऱ्या वेळी पण म्हणतो "गेला असेल परत, चालू दे" आणि अजून एक पास, म्हणजे कटरची फेरी, मारतो. भांडं फुटतं ते तिथे.

आता एकेक बघू.

सगळ्यात स्वस्त म्हणजे पेनसारखा पॉइंटर, शाळेत मास्तरांकडे असायचा तसा, त्याचं बटण टेपने दाबून ठेवायचं. आत तीन बटण सेल, साडेचार व्होल्ट. सुरुवातीला झकास. पण या सेलची कपॅसिटी शंभर-सव्वाशे मिलीअँपिअर-तास आणि लेझर खातो 25-30, म्हणजे कागदावर चार-पाच तास. प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच आधी टिपका फिका पडायला लागतो, आणि हळूहळू पडतो म्हणून लक्षातच येत नाही. असले स्वस्त लेझर म्हणजे आत डायोड आणि एक रेझिस्टर, बाकी काही नाही, व्होल्टेज उतरलं की उजेड उतरला. संध्याकाळी ट्यूबलाईट लावून शिसवीसारख्या काळपट लाकडावर तो फिका टिपका शोधत बसायचं म्हणजे डोळ्याला शिक्षा. लेझर आपल्या कामाचा आहे का हे बघायला पेन घ्या, कायमचा नको.

मोबाईलचा चार्जर. पाच व्होल्ट, त्याला पाच व्होल्टचा मॉड्यूल (सेल नसलेला सुटा लेझर), टिपका पहिल्या मिनिटाला जसा तसाच शेवटच्या. लाईट गेली तर काय असं विचारू नका, लाईट गेली तर लेथ पण थांबणारच आहे. उजेडाच्या बाबतीत हा सगळ्यात वरचा, मान्य. पण वायर! बार आतबाहेर होतो, डावीउजवीकडे झुलतो, आणि त्याच्याबरोबर ती वायर फिरणाऱ्या चकच्या (लाकूड धरून फिरवणाऱ्या पकडीच्या) आजूबाजूला लोंबकळत असते. ओल्या आंब्याच्या लाकडाचा कीस लांब लांब दोऱ्यासारखा निघतो, तो वायरला गुंडाळतो, वायर ओढली जाते. छताला हुक मारून, वरून स्प्रिंगसारखी गुंडाळी वायर सोडून हे बऱ्यापैकी सुटतं, आणि ज्यांचा लेथ एका जागी पक्का आहे, वर पत्रा किंवा बीम आहे, त्यांनी हा पर्याय डोळे झाकून घेतला तरी मी काही बोलणार नाही. मी कोपरखैरणेच्या रो-हाऊसमध्ये खालच्या खोलीत काम करतो, लेथ चाकांवर आहे, काम झालं की भिंतीला लावून स्कूटर आत घ्यायची असते. छतावरचं हुक आणि स्कूटर यांचं जमलं नाही.

मग पॉवर बँक, आणि माझं डोकं फिरवलं ते हिने. दिसायला सगळं जमून येतं बघा. घरात पडलेलीच असते, पाच व्होल्ट एकदम पक्के, कपॅसिटी 10000 मिलीअँपिअर-तास, बारच्या मागच्या टोकाला वेल्क्रोने बांधली की वायर वीतभर. मॉड्यूलला यूएसबीची पिन लावली, टिपका कडक, मी खूष. कोरायला घेतलं आणि अर्ध्या मिनिटात टिपका गायब. लेथ बंद, बार बाहेर, जाडी मोजायचा कॅलिपर आत घालून बघतो तर भिंत चांगली बोटभर जाड. पॉवर बँकेचं बटण दाबलं, टिपका आला. परत सुरू, परत गायब.

कारण साधं आहे. पॉवर बँक मोबाईलसाठी बनलेली असते. करंट ठराविक पातळीच्या खाली गेला, बऱ्याच बँकांमध्ये ती साधारण 50 ते 100 मिलीअँपिअर असते, की तिला वाटतं मोबाईल फुल झाला किंवा काढून घेतला, आणि ती झोपते. आपला लेझर बिचारा 25-30 खातो, तो तिच्या खिजगणतीतच नाही. बिघाड नाही हा, ती तिचं काम नीट करतेय, फक्त आपलं काम करत नाहीये.

यावर उपाय आहेत, नाहीत असं नाही. काही पॉवर बँकांना इअरबड्स आणि घड्याळासाठी लो करंट मोड असतो, बटण दोनदा दाबलं की चालू होतो, पण काहींमध्ये तो पण ठराविक वेळाने आपोआप बंद होतो, म्हणजे दुखणं लांबलं, बरं झालं नाही. दुसरा उपाय, लेझरच्या जोडीला (पॅरलल) 47 ओहमचा रेझिस्टर टाकायचा, तो एकटाच 100 च्या वर मिलीअँपिअर खातो, बँक जागी राहते. पण तो अर्धा वॅट उष्णता काढतो, निदान 1 वॅटचा घ्यावा लागतो आणि तरी हाताला गरम लागतो. बॅटरी जागी राहावी म्हणून बॅटरी जाळायची, हे मला काही केल्या पचलं नाही. भुशात गरम रेझिस्टर ठेवायचं तर त्याहून नाही.

ऐरोलीच्या माझ्या मित्राचं मात्र यावर एकच, "अरे माझी कधीच बंद पडत नाही, तुझीच बँक फालतू." बरेच दिवस मला कळेना असं कसं. मग त्याच्याकडे जाऊन बघितलं तर त्याचा लेझर हिरवा, जुन्या धर्तीचा, ज्यात आतला इन्फ्रारेड डायोड क्रिस्टलमधून जाऊन 532 नॅनोमीटरचा हिरवा होतो. तो आरामात 200 मिलीअँपिअरच्या वर खातो. त्याची बँक जागी राहते ती लेझर खादाड आहे म्हणून! त्यामुळे हिरवाच घ्यायचं नक्की असेल तर पॉवर बँक चालेल, हे प्रामाणिकपणे सांगायलाच हवं.

मी शेवटी स्थिरावलो ते साध्या पेन्सिल सेलवर. चार सेलचा बंद डबा मिळतो, स्विच आणि झाकण असलेला, मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही पार्ट्सच्या दुकानात. त्यात चार रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल. प्रत्येकी 1.2 म्हणजे 4.8 व्होल्ट, पाच व्होल्टच्या मॉड्यूलला जवळपास तंतोतंत. या सेलची खरी मजा म्हणजे व्होल्टेज हळूहळू घसरत नाही, बहुतेक वेळ 1.2 च्या आसपास टिकून राहतं आणि अगदी शेवटी पडतं. म्हणजे टिपका एकसारखा. 2000 मिलीअँपिअर-तासाचे सेल घेतले तर लाल लेझर 60 तासांच्या वर चालतो, आणि आपण रविवारी काम करणारी माणसं, गणपतीला चार्ज केले तर दिवाळी आरामात निघते. फक्त चार्ज धरून ठेवणारे, लो सेल्फ डिस्चार्ज लिहिलेले घ्या, साधे रिचार्जेबल नुसते ठेवूनच उतरतात. आणि मुख्य म्हणजे यात कुठलंही डोकं नाही जे माझ्यासाठी ठरवेल की आता झोपायचं.

एक सांभाळा. घाईत या डब्यात साधे अल्कलाईन सेल टाकू नका, चार नवे सेल म्हणजे 6 व्होल्टच्या वर जातं, आणि लेझर डायोड जास्त करंटला फार नाजूक. तो मेला तरी पूर्ण विझत नाही, पसरट मंद लाल उजेड देत राहतो, टिपका म्हणून काही उरत नाही. अल्कलाईनच वापरायचे तर तीन सेलचा डबा घ्या, साडेचार व्होल्ट, चालतं. 18650 नावाच्या लिथियम सेलवाले पण आहेत, एक सेल, चार्जिंगचं छोटं बोर्ड, सुटसुटीत दिसतं, पण ते 4.2 पासून 3 पर्यंत घसरत जातं आणि पाच व्होल्टचा मॉड्यूल तेवढा फिका पडतो. सोल्डरिंगचा हात चांगला असेल तर व्होल्टेज वर चढवणारं बूस्ट बोर्ड लावून करा, मला एवढी हौस नाही.

आता रंग. हिरवा डोळ्याला जास्त दिसतो यात वाद नाही, तेवढ्याच पॉवरला 532 चा हिरवा 650 च्या लालपेक्षा सात-आठ पट उजळ वाटतो, कारण आपला डोळाच दिवसाउजेडी 555 च्या आसपास सगळ्यात तयार असतो. उघड्यावर, शेडमध्ये दिवसा काम करत असाल तर हिरव्याचा विचार जरूर करा. पण माझ्या कामात उजेडापेक्षा टिपक्याची कडा महत्त्वाची. टिपका भांड्याच्या बाहेरच्या गोलाईवर कडेपर्यंत गेला की तो गोल राहत नाही, ताणून लांबट होतो, आणि मग त्याचा खालचा भाग तुटून खाली लेथच्या बेडवर पडतो. थांबायचं ते तो तुटतो तेव्हा. टिपका फार प्रखर असेल तर ओल्या, फिकट लाकडात उजेड आत शिरतो आणि भोवती वलय दिसतं, ताज्या आंब्यावर तर टिपका चांगला वाटाण्याएवढा होतो, मग कडेवर नक्की कधी तुटला ते कळेनासं होतं. लाल कमी चमकतो म्हणूनच मला तो बरा वाटतो. नुसता 650 कमी पडत असेल तर 635 चा लाल बघा, तेवढ्याच पॉवरला जवळपास दुप्पट दिसतो, जरा महाग पडतो. आणि काही झालं तरी लेन्स फिरवून फोकस करता येणाराच घ्या, फिक्स फोकसवाला टिपका आपल्या अंतरावर सहसा लांबुळका येतो.

पॉवर वाढवून उजेड मिळवायच्या भानगडीत पडू नका. 5 मिलीवॅट खूप झाले, 1 मिलीवॅटच्या आतला, म्हणजे क्लास 2 (कमी धोक्याचा वर्ग), मिळाला तर अजून छान. आपल्यासमोर चकचकीत चक आणि पॉलिश झालेला बार असतो, त्यावरून उडालेला किरण डोळ्यात यायला वेळ लागत नाही, आणि फेसशील्ड त्याला अडवत नाही.

रेषा काढणारा लेझर पण मिळतो, मी वापरून सोडला, गोलाईवर रेषा वाकते आणि नजर कुठे ठेवायची कळत नाही. कॅमेरा आणि स्क्रीनवाली पद्धत खरंतर लेझरपेक्षा पुढची आहे, स्क्रीनवर कटरची आकृती काढून ठेवायची आणि सगळी भिंत एकदम दिसते, टिपका परत परत लावायला लागत नाही. जागा आणि पैसे दोन्ही असतील तर तिकडे जा. माझ्याकडे स्कूटर आहे.

शेवटचं, आपल्या हवेचं. खाडीकाठची दमट हवा, त्यात ओल्या लाकडाचा रस उडतो, पावसाळ्यात सेलच्या डब्याच्या स्प्रिंगवर पांढरट-हिरवा थर धरतो आणि टिपका लुकलुकायला लागतो. म्हणजे परत तीच खोटी खूण. जून लागला की मी स्प्रिंग पॉलिश पेपरने घासतो, व्हॅसलीनचा अगदी हलका हात मारतो, आणि काम नसेल तेव्हा सेल काढून ठेवतो. डबा बारच्या मागे, हँडलच्या बाजूला, झाकण खाली करून बांधा, कीस आत जात नाही आणि वायर चकपासून लांब राहते. आणि दर पास सुरू करताना बार बाहेर असतानाच टिपका हातावर पाडून बघा, तो नीट दिसला तर मग आत जा.