दिवसाचं वचन, लेवीय १९ आणि आईचा अंगठा: एका बायबल ॲपचा आठ महिन्यांचा अनुभव

आईच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध आता डाग आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. म्हणजे दाराची चौकट स्पष्ट आणि दारात उभी असलेली मी पुसट. मोठ्या अक्षरांचं बायबल आणलं, भिंग आणलं, मान वळवता येणारा दिवा आणला. एका रात्री तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "राहू दे गं, पाठ आहे तेवढं पुरे." तिला ते पुरत नव्हतं हे आवाजावरून कळत होतं. दुसऱ्या दिवशी माझा जुना फोन पुसून तिच्या उशाशी ठेवला आणि त्यात बायबलचं ॲप टाकलं. तेच माझ्याही फोनवर घेतलं. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या जातीची आणखी दोन वापरून पाहिली, आणि खाली ज्या तक्रारी आहेत त्या थोड्याफार फरकाने तिघांच्याही आहेत.

आधी चांगलं. फुकट आहे, जाहिरात नाही, मराठी मजकूर उतरवून घेतला की नेट लागत नाही. शोध झकास चालतो. 'मोहरी' टाकलं की येशूने दिलेला मोहरीच्या दाण्याचा दाखला, तो ज्या तीन शुभवर्तमानांत आहे त्या तिन्हींतून समोर. ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय, सगळं आवाजात. पूर्ण ऐकायचं तर सत्तरेक तास लागतात, आणि आईकडे तास आहेत.

आवाज दोन तऱ्हेचे मिळतात, एक साधं वाचन आणि एक नाट्यमय, पात्रं, पावलं, वारा, वाद्यं असं सगळं घातलेलं. मी हौसेने दुसरं लावून दिलं. सुरुवातीला तिला मजा वाटली. विलापगीताला, म्हणजे यरुशलेमच्या नाशावरच्या शोकगीतांना आलो, मागे व्हायोलिन सुरू झालं, आणि आई म्हणाली, "यरुशलेम जळतंय आणि हा वाजवत काय बसलाय?" तेव्हापासून साधं वाचन. वाचणारा गृहस्थ संथ आहे, कुठेही रडत नाही, कुठेही गर्जत नाही. संकटात सापडलेला ईयोब आणि त्यालाच दोष देणारे त्याचे मित्र एकाच आवाजात बोलतात, म्हणून कोण बरोबर आहे ते आपल्यालाच ठरवावं लागतं. माझ्या मते पुस्तकाला तेच हवं होतं.

झोपेचा टायमर मात्र कोणी केलाय कोण जाणे. पंधरा मिनिटं झाली की पंधरा मिनिटं झाली, मग पौलाचं वाक्य अर्धं असलं तरी आवाज बंद. नव्या करारातली बरीच पत्रं या पौलाच्या नावावर, आणि त्याची वाक्यं मुळातच लांब. आई अंधारात वाट बघत राहते, की याचं क्रियापद कुठाय. 'अध्याय संपला की थांब' एवढी एक सोय द्यायला काय हरकत होती?

आता 'दिवसाचं वचन'. रोज सकाळी साडेसहाला फोन किणकिणतो, डोंगर किंवा समुद्राचं चित्र, त्यावर एक ओळ, खाली 'शेअर करा'. आठ महिन्यांत यिर्मया २९:११ मला चार वेळा आलं, परमेश्वराचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत ते. फिलिप्पैकरांस ४:१३ तीन वेळा, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या ठायी मी सर्व काही करू शकतो ते. दोन्ही सुंदर. पण यिर्मयाचं ते वाक्य बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या आदल्याच ओळीत लिहिलंय की सत्तर वर्षं थांबा. ऐकणाऱ्यांतले कितीतरी तोवर जिवंत राहणार नव्हते. घरं बांधा, बागा लावा, ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं ते पत्र. पौलाचं वाक्य बेड्यांतल्या माणसाचं आहे, आणि त्याआधी तो उपाशी राहायला शिकलो म्हणतो. परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या सकाळी हे वाक्य पाठवणाऱ्यांनी आदली ओळही पाठवून बघावी.

दोष सगळा ॲपचा नाही म्हणा. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टनने केली असं मानतात. नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन नावाच्या मुद्रकाने १५५१ मध्ये घातले. पत्र लिहिणाऱ्याने आकडे घातले नव्हते. आकडे आले तेव्हाच वाक्य सुटं करून खिशात घालायची सोय झाली. ॲपने मागे फक्त समुद्र लावला.

मी हिशेब खात्यात आहे, पुरवठादारांची बिलं तपासून पुढे सोडायचं काम. त्यामुळे वाचनही रकान्यात टाकलं, वर्षात संपूर्ण बायबल, रोज तीन-चार अध्याय, सकाळी कामावर जाताना कानात. उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तकं गोष्टींच्या जोरावर सुटतात. तिसऱ्या, नियमांच्या पुस्तकापाशी, लेवीयपाशी, बहुतेकांची गाडी अडते. होमार्पणं, चरबी, मूत्रपिंडं, भिंतीवरचं कोड. मी वेग दीडपट केला, हे कबूल करते. आणि त्या दीडपट वेगात एकोणिसावा अध्याय आला. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नको.

रात्रभर! साफसफाईच्या कंत्राटदाराचं बिल माझ्या टेबलावर 'होल्ड' शेऱ्यासह सात आठवडे पडून होतं. काम पूर्ण झाल्याचा एक दाखला जोडलेला नव्हता, एवढंच कारण. शेरा नियमाप्रमाणे बरोबर होता. त्या दाखल्यासाठी एक फोन करावा लागला असता, तो मी केला नव्हता, कारण तो करणं माझ्या कामात 'बसत नाही'. त्याच्या माणसांचा पगार त्या बिलावर अवलंबून असतो हे मला ठाऊक होतं. जिन्यात पोछा मारणारी बाई रोज सकाळी मला "बरंय ना मॅडम" विचारते, आणि मी रोज "बरंय" म्हणते.

फोन केला. दाखला त्याच दुपारी आला. साहेबांनी विचारलं, हे बिल मध्येच कसं काढलंत? म्हटलं, जुनं झालं होतं. लेवीयचं नाव काढलं नाही. कामाच्या ठिकाणी श्रद्धा सांगत फिरायची मला सवय नाही, आणि हजारो वर्षांपूर्वीच्या नियमावर मी बिलं सोडते असं कळलं तर लेखापरीक्षक काय म्हणतील!

हे सगळं ॲपच्या परीक्षणात का, तर हे वचन मला सकाळी साडेसहाला आजवर एकदाही आलेलं नाही. येणारही नाही. समुद्राच्या चित्रावर ते शोभणार नाही आणि कोणी कोणाला पाठवणार नाही. दिवसाचं वचन म्हणून येतं ते बहुतेक मला उद्देशून असतं, तू घाबरू नको, तू एकटी नाहीस. सलग वाचलं की ते दुसऱ्या कोणाच्या तरी वतीने बोलायला लागतं. ॲपमध्ये दोन्ही आहे, पण उघडल्या उघडल्या दिसतो समुद्र. सलग वाचन दोन पायऱ्या आत आहे.

मग ती साखळी. सलग किती दिवस वाचलं याचा आकडा, बाजूला ज्योत. माझा ११२ वर गेला होता. आईला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं, दोन दिवस फोनकडे बघितलं नाही, तिसऱ्या दिवशी संदेश: तुमची साखळी तुटली, पुन्हा सुरुवात करा! उद्गारचिन्हासकट. त्या दोन दिवसांत आईच्या कानाशी मी तेविसावं स्तोत्र निदान पंधरा वेळा म्हटलं असेल. ते कुठे मोजायचं?

गंमत म्हणजे हा धोका फोनच्या कितीतरी आधी ओळखला गेला होता. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रॉबर्ट मरे मॅकशेन या तरुण पाळकाने १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी वर्षभराच्या वाचनाचं वेळापत्रक केलं. आजही ते बऱ्याच ॲपमध्ये आहे: जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. पण वेळापत्रक देताना त्याने त्याचे धोकेही लिहून दिले: वाचन नुसता उपचार होईल, आकडा पुरा केला म्हणून माणूस स्वतःवर खूश होईल, वाचेल पण लक्ष देणार नाही, आणि काहींना ते पेलवणार नाही असं जोखड होईल. पुढच्याच वर्षी तो वारला, वयाच्या २९व्या वर्षी. ॲपवाल्यांनी त्याचं वेळापत्रक घेतलं आणि इशारे गाळले. माझी ज्योत मी सेटिंगमध्ये जाऊन विझवली. ती सोय आहे, त्याचा एक गुण देते.

'प्रार्थना' या भागाबद्दल थोडक्यात, कारण तो मी चार दिवसांत बंद केला. विनंती लिहा, मित्रांना दाखवा, कोणी कोणी प्रार्थना केली ते मोजा. परगावी एकटं राहणाऱ्याला याचा खरा आधार होत असेल, नाकारत नाही. पण मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो, प्रार्थना करताना खोलीत जा, दार लाव. इथे दाराच्या आत कंपनीचा सर्व्हर आहे. युरोपात २०१८ पासून लागू असलेला माहिती-संरक्षणाचा कायदा माणसाच्या धार्मिक श्रद्धेला आरोग्याच्या माहितीइतकंच नाजूक मानतो. प्रार्थनेत तर दोन्ही एकदम येतं, कोणाला कोणता आजार, कोणाच्या संसारात काय बिनसलंय. मी आईचं निदान तिथे लिहिलं होतं, आडनावासकट. ते पुसलं. खरंच पुसलं गेलं का, ते बटण सांगत नाही.

सर्वांत मोठी तक्रार शेवटी. आईने फोनची काच अंगठ्याने पाठ केली होती. खालच्या कडेपासून दोन बोटं वर, मधोमध, की आवाज सुरू. मार्चमध्ये अपडेट आलं आणि ते बटण उजव्या कोपऱ्यात गेलं, आकाराने निम्मं होऊन. जुन्या जागी आता 'शेअर करा'. पडदा वाचून दाखवणारी सोय चालू केली तर ती कोपऱ्यातल्या बटणाला "नाव नसलेलं बटण" म्हणते. त्या दिवशी मी कामावरून आले तर माझ्या तीन मावश्यांना, प्लंबरला आणि पाळकसाहेबांना आईकडून हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा धिक्कारांनी भरलेला दुसरा अध्याय गेला होता. पाळकसाहेबांनी काळजीने फोनही केला.

तिला मी लेवीय १९ ची गोष्ट सांगितली होती, बिलाची. म्हणाली, "त्याच्या पुढचं वचन ऐकलंस ना?" मी दीडपट वेगात होते. पुढचं असं आहे की बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको आणि आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको. "ते कळव त्या ॲपवाल्यांना," आई म्हणाली.

कळवलं, अध्याय आणि वचनाच्या आकड्यासकट. उत्तर मिनिटाभरात आलं: तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि खाली यिर्मया २९:११.

पाचपैकी तीन तारे. ऐकण्यासाठी घ्या, दिवसाचं वचन, ज्योत आणि प्रार्थनेची भिंत पहिल्याच दिवशी बंद करा, आणि घरात कमी दिसणारं माणूस असेल तर आपोआप अपडेट होणंही बंद करा. आईच्या फोनवर उजव्या कोपऱ्यात मी चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावलाय, अंगठ्याला लागेल असा. काल रात्री तिने तो चाचपून 'पहिला इतिहास' हे बायबलमधलं पुस्तक लावलं, जिथे पहिले नऊ अध्याय जवळजवळ नुसती नावं आहेत. मी म्हटलं, पुढे नेऊ का? तर म्हणाली, "ऐकू दे गं, एवढी माणसं होती."