कस्टम्सचा आदेश हाती पडला: अपील करायचं की थेट पर्वरी गाठायची?

दाबोळी किंवा मोपा विमानतळावर सोनं अडवलं, मुरगाव बंदरात कंटेनर जप्त झाला, की फोंडा-डिचोलीकडे पहिला सल्ला ठरलेला: "सरळ हायकोर्टात जा रे." सल्ला देणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही. माझं मत उलटं आहे. बहुतेकांनी अपीलच करावं. पर्वरी, म्हणजे मुंबई हायकोर्टाचं गोव्यातलं खंडपीठ, मोजक्या प्रकरणांसाठी ठेवावी.

आधी आदेशाखाली सही कोणाची ते बघा. आयुक्तांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याची असेल तर आयुक्त (अपील्स). खुद्द आयुक्तांची असेल तर मुंबईचं सेस्टॅट, म्हणजे कस्टम्सच्या अपिलांचं न्यायाधिकरण. आयुक्त (अपील्स)कडच्या अपिलाला 60 दिवस मिळतात, सबळ कारण दाखवलं तर आणखी 30. त्यापुढे एक दिवसही नाही. मुदत हुकली म्हणून रिटच्या (हायकोर्टातल्या थेट अर्जाच्या) दारानं आत शिरणंही सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या ग्लॅक्सो निकालानं जवळपास बंद झालंय. पर्वरीत रिट पडून आहे म्हणून हे दिवस आपोआप थांबत नाहीत, आणि माणसं नेमकी इथेच अडकतात.

पैशांचं म्हणाल तर अपिलाआधी वादातल्या शुल्काच्या, आणि वाद फक्त पेनल्टीचा असेल तर पेनल्टीच्या, 7.5 टक्के भरावे लागतात. आयुक्त (अपील्स)च्या आदेशावर सेस्टॅटला गेलात तर 10 टक्के. वाद फक्त 20 लाखांच्या पेनल्टीचा असेल तर पहिल्या पायरीवर दीड लाख. माल सोडवण्याचा रिडेम्प्शन फाइन यात धरत नाहीत. रिटला अशी रक्कम भरावी लागत नाही, हे खरं. पण बिल खरं की खोटं, दागिना कोणाचा, असल्या पुराव्याच्या भानगडीत हायकोर्ट सहसा पडत नाही. तुम्हाला अपिलाकडेच पाठवतं. त्यात सोन्याच्या बाबतीत ते तस्करीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कस्टम्स कायद्याच्या कलम 123 नं तुमच्यावर टाकलेली. म्हणजे भांडण पुराव्याचंच.

मग पर्वरी कधी? चूक कागदावरच दिसत असेल तेव्हा. जप्तीनंतर सहा महिन्यांत कारणे दाखवा नोटीस आली नाही आणि मुदत वाढवल्याचंही कळवलं नाही, तर माल परत द्यावा लागतो. त्यासाठी रिट चोख. तुमचं म्हणणं ऐकलंच नाही किंवा अधिकाऱ्याला अधिकारच नव्हता, तरीही चालेल. विमानतळावर रात्री दोन वाजता सही घेतलेला तो छापील कागद आठवतोय? "मला नोटीस नको, सुनावणी नको" अशा मजकुराचा? असा छापील त्याग कायद्यात बसत नाही, असं दिल्ली हायकोर्टानं 2025 मध्ये एकापेक्षा जास्त निकालांत म्हटलंय. पर्वरीवर ते बंधनकारक नाही, पण वजन आहे. तुमच्या फाइलीत तो कागद असेल तर मी तरी रिटचा विचार नक्की करीन.

अपील हरलात तर वाट फुटते. प्रवाशाच्या सामानाचं प्रकरण सेस्टॅटकडे जातच नाही. तीन महिन्यांत केंद्र सरकारकडे पुनरीक्षण अर्ज करायचा. फी लाखापर्यंतच्या प्रकरणाला 200 रुपये, त्यावर 1000. बंदरातल्या मालाचं मात्र सेस्टॅट, आणि प्रश्न शुल्काच्या दराचा किंवा मूल्याचा असेल तर तिथून थेट सुप्रीम कोर्ट. आपल्या खाणवाल्यांना हे सांगायला नको. खनिजातल्या लोहाचं प्रमाण ओल्या मालावर काढायचं की सुकवून, यावर निर्यात शुल्क फिरतं. गंगाधर नरसिंगदास अगरवाल प्रकरणात सुप्रीम कोर्टानं ओल्या मालाचा हिशेब धरला.

(बारचा परवाना, फेणीची भट्टी ही भानगड राज्याच्या अबकारी खात्याची, 1964 च्या वेगळ्या कायद्याखालची. वरचं काही तिथे लावू नका.)

माल लवकर हवा म्हणून हमी देऊन तात्पुरता सोडवून घेणारे बरेच असतात. नाशवंत माल असेल तर दुसरा इलाजही नाही. फक्त एक ध्यानात ठेवा: तात्पुरत्या सुटकेचा आदेश निघाला की 2018 च्या दुरुस्तीनं ती सहा महिन्यांची मुदत तुमच्या कामाची राहत नाही. पाचवा महिना सरत आला असेल आणि नोटीस आली नसेल, तर अर्ज टाकण्याआधी पंचनाम्यावरची तारीख वकिलाला दाखवा.