मीड किटचा रिव्ह्यू: बरणी झकास, मध भुक्कड

आधीच सांगून टाकतो, पाचपैकी अडीच स्टार, त्यातले दोन निव्वळ काचेच्या बरणीला आणि एअरलॉकला (आतला गॅस बाहेर सोडणारं पण हवा आत येऊ न देणारं छोटं झाकण) आहेत. उरलेला अर्धा हायड्रोमीटरला (द्रवात तरंगवून त्यात साखर किती ते मोजायचं साधन), कारण तो दिला नसता तर बॉक्सवर काय थापा मारल्यात ते मला कळलंच नसतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मीड म्हणजे मध, पाणी आणि यीस्ट, बास. मधाची वाइन म्हणा हवं तर. नावही तसं घरातलंच आहे, आपलं मधु आणि हे मीड एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. मला वाटलं तीन तर गोष्टी, यात बिघडणार काय. पण तीनच असल्यामुळे एक जरी फालतू निघाली तरी ती लपत नाही, हे मला दोन महिने आणि एक अख्खी बरणी वाया घालवून कळलं.

तर किटमध्ये काय येतं: पाच लिटरची बरणी, बूच, एअरलॉक, हायड्रोमीटर, मीड एका बरणीतून दुसरीत काढायची नळी (दुसरी बरणी देत नाहीत, ती तुमची तुम्ही बघा), सॅनिटायझरची पावडर, एक किलो मध, यीस्टची एक पुडी आणि 'न्यूट्रिएंट' एवढंच छापलेली दुसरी पुडी. सोबत चार ओळींचा कागद. मध पाण्यात घालून २० मिनिटं उकळा, एकूण ४ लिटर करा, गार झाल्यावर दोन्ही पुड्या ओता, ३० दिवसांत १४ टक्के अल्कोहोलची मीड तयार.

आता हे १४ टक्के बघा. हायड्रोमीटर साध्या पाण्यात १.००० दाखवतो, साखर जितकी जास्त तितका तो वर तरंगतो आणि आकडा वाढतो. सुरुवातीचं रीडिंग वजा शेवटचं, गुणिले १३१.२५, की अल्कोहोलचा अंदाजे टक्का निघतो. किटचा एक किलो मध घालून ४ लिटर केलं तेव्हा माझं रीडिंग आलं १.०७२. सगळी साखर यीस्टने खाऊन ०.९९८ वर आली तेव्हा हिशोब झाला ९.७ टक्के. १४ हवे असतील तर तेवढ्याच पाण्याला जवळजवळ दीड किलो मध लागतो, यात यीस्टचा काही दोष नाही, साखरच नाही तर ते बिचारं अल्कोहोल आणणार कुठून. म्हणजे छापणाऱ्याने एकतर बनवून बघितलेलं नाही, नाहीतर बघितलंय आणि तरी छापलंय.

पहिली बॅच मी कागदावर लिहिलंय तशीच केली, शब्दन् शब्द. उकळताना घरभर मधाचा इतका मस्त वास सुटला की मी खूश, आणि मग डोक्यात आलं की अरे हा वास घरात आलाय म्हणजे पातेल्यातून गेलाय! मध उकळायची गरजच नसते, भांडी नीट सॅनिटाइझ केली आणि मध कोमट पाण्यात विरघळवला की काम होतं. पूर्वी लोक उकळून वरचा फेस काढायचे, ती पद्धत कागदावर तशीच उतरवलीय.

बरं, पाचव्या दिवशी बायको म्हणते, "अरे त्या कपाटात काहीतरी मेलंय का बघ." मी म्हटलं काही नाही, यीस्ट काम करतंय. कपाट उघडलं तर सडक्या अंड्यांचा भपकारा. हा हायड्रोजन सल्फाइड, यीस्ट उपाशी असलं की बऱ्याचदा असं करतं. मधात साखर भरपूर, पण यीस्टला वाढायला जो नायट्रोजन लागतो तो जवळपास नाहीच, द्राक्षाच्या रसात तो बऱ्यापैकी असतो म्हणून वाइनवाल्यांना एवढा त्रास होत नाही. म्हणजे मीडमध्ये न्यूट्रिएंट ही शोभेची पुडी नाही, अर्धी मीड त्यावर उभी असते. आणि किटच्या पुडीवर ना घटक, ना वजन, ना कधी घालायचं ते. मी मेल करून विचारलं की यात आहे काय, तर उत्तर आलं 'प्रीमियम ब्लेंड'. धन्यवाद.

तीस दिवसांनी चव घेतली. गढूळ, घशात जाळ, वरून नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आणि मधाचा पत्ताच नाही. यातला जाळ थोडा माझ्या कर्माने आहे हे कबूल, ते कपाट घरातलं सगळ्यात उबदार आहे, आणि गरम जागी यीस्ट घाई करून असले उग्र प्रकार सोडतं. पण कुठल्या तापमानाला ठेवायचं याबद्दल कागदावर एक अक्षर नाही. यीस्टच्या पुडीवर नाव नाही, तारीख नाही. नावच माहीत नाही तर त्याला काय सोसतं हे बघायचं कुठे?

तर मग दुसऱ्या वेळी बरणी, एअरलॉक आणि हायड्रोमीटर तेवढे किटचे ठेवले आणि बाकी सगळं स्वतः शोधलं. खरी मजा इथून सुरू झाली.

मधापासून. किटचा मध पारदर्शक, पाघळणारा, नुसता गोड, डोळे मिटून चाखला तर साखरेचा पाक म्हणून खपेल. असा मध नुसता खायलाही चालून जातो, पण मीडमध्ये यीस्ट गोडवा खाऊन टाकतं आणि मागे राहतो तो फक्त वास आणि स्वाद, मग ज्यात मुळात गोडव्याशिवाय काही नाही त्याची मीड कशी लागणार ते वेगळं सांगायला नको. म्हणून मी थेट मधमाश्या पाळणाऱ्याकडून घेतला. त्याला तीनच गोष्टी विचारल्या: तापवलाय का, पोळ्यातून कधी काढला, आणि त्या वेळी आजूबाजूला काय फुललं होतं. तिसऱ्या प्रश्नाला तो माणूस अर्धा तास बोलला, तेव्हाच म्हटलं इथून घ्यायचा. त्याने तीन मध चाखायला दिले. एक फिकट, फुलांच्या वासाचा. एक सोनेरी, सौम्य. आणि एक गडद, जवळजवळ काळा, काकवीसारखा लागणारा, तो मला भयंकर आवडला पण तोच म्हणाला, "दादा, पहिल्या वेळेला हा नका घेऊ, गोडी गेली की नुसतं औषध लागतं." फिकटच घेतला.

डब्यात मध खाली रवाळ बसला होता म्हणून घरी सगळ्यांनी नाकं मुरडली की भेसळ आहे. अजिबात नाही, बहुतेक मध कधी ना कधी बसतोच, डबा कोमट पाण्यात ठेवला की परत सुटतो. आणि ते पाण्याच्या ग्लासात थेंब टाकून बघणं, काडी पेटवून बघणं वगैरे प्रकार सोडून द्या. त्यातून मध किती पातळ आहे एवढं फार तर कळतं, सिरप मिसळलंय का ते नाही, ते लॅबमध्येच कळतं. आपल्या हातात विकणाऱ्याला प्रश्न विचारणं आणि स्वतःची जीभ, एवढंच.

यीस्ट घेतलं लालविन ब्रँडचं ७१बी, ५ ग्रॅमची पुडी. हे १५ ते ३० अंशांत चालतं, १४ टक्क्यांच्या आसपास थांबतं आणि याला नायट्रोजनही कमी लागतो, म्हणून माझ्यासारख्या नवशिक्याला बरं. त्यांचंच डी-४७ मीडवाल्यांचं लाडकं आहे पण त्याला २० अंशांच्या खाली ठेवावं लागतं, माझ्या कपाटात त्याचे हालच झाले असते. ईसी-१११८ पण आहे, ते १८ टक्क्यांपर्यंत जातं, कशातही चालतं, पण मधाचा नाजूक वास राखायचा असेल तर मी त्याच्या वाटेला जाणार नाही. न्यूट्रिएंट म्हणून फर्मेड ओ, ४ लिटरला साधारण ४ ग्रॅम, पण एकदम नाही, चार भाग करून. २४ तासांनी, ४८ ला, ७२ ला, आणि शेवटचा भाग एक तृतीयांश साखर संपली की, नाहीतर सातव्या दिवशी, जे आधी होईल तेव्हा.

या वेळी १.३ किलो मध, ४ लिटर, रीडिंग १.०९५. वास? कसलाच घाण वास नाही, उलट ताज्या पावाच्या कणकेसारखा.

फक्त दुसऱ्या दिवशी एक पराक्रम केला. न्यूट्रिएंटची कोरडी पावडर तशीच वरून भुरभुरवली. बरणीत कार्बन डायऑक्साइड गच्च भरलेला असतो, पावडरचा प्रत्येक कण त्याला बुडबुडा व्हायला निमित्त देतो, आणि मग जे व्हायचं ते झालं. फेस वर येताना दिसला, मी बूच हातात घेऊन नुसता बघत राहिलो, दोन सेकंदांत बरणीच्या तोंडातून कारंजं, ओटा चिकट, भिंत चिकट, माझी चप्पल फरशीला चिकटलेली. आधी बरणी हळूहळू हलवून गॅस काढायचा आणि पावडर थोड्या पाण्यात कालवून घालायची, हे मी त्या रात्री फरशी पुसता पुसता वाचलं.

मजा म्हणून एका लिटरच्या बाटलीत त्याच मधात पावाचं यीस्टही घालून बघितलं. होते मीड, नाही असं नाही. पण गाळ इतका भुसभुशीत बसला की बाटली जरा हलली की सगळं परत वर. बेदाणे घातले की न्यूट्रिएंट लागत नाही असं बरेच जण सांगतात, तेही यातच करून पाहिलं. मूठभर बेदाण्यातून यीस्टला पुरेल एवढा नायट्रोजन मिळत नाही, चव मात्र बेदाण्याची आली, ती बरी होती.

७१बी वाली बरणी पाच आठवड्यांनी १.००० वर येऊन थांबली. १२.५ टक्के. गाळावरून काढून लहान बरणीत गळ्यापर्यंत भरली, कारण वर हवा राहिली की मीड हळूहळू शिळ्या पुठ्ठ्यासारखी लागायला लागते. मग चार महिने हातच लावला नाही. आता ती इतकी नितळ आहे की बरणीमागचं कॅलेंडर वाचता येतं. पहिल्या घोटाला कोरडी, गोडी जवळपास नाहीच, आणि गिळल्यावर मागून सावकाश फुलांचा वास येतो. माझी बहीण, जिला यातलं काहीच आवडत नाही, तिने ग्लास खाली ठेवून परत उचलला.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मुळात हा रिव्ह्यू लिहायला बसलो ती. किटच्या कागदावर शेवटी लिहिलंय, 'गोड हवी असल्यास चवीनुसार मध घालून बाटलीत भरा आणि घट्ट बूच लावा.' हे करू नका!! बाटलीत यीस्ट जिवंत असतं, त्याला नवीन मध मिळाला की ते परत कामाला लागतं, गॅसला जायला वाट नसते आणि बाटली फुटते, काचेसकट. आठवडाभराच्या अंतराने दोन रीडिंग सारखी आली की मीड थांबली असं समजायचं, आणि त्यानंतर गोड करायचीच असेल तर आधी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही यीस्टला रोखणारी रसायनं, दोन्ही मिळून घालायची. सॉर्बेटने यीस्ट मरत नाही, फक्त पुढे वाढत नाही, म्हणून चालू फर्मेंटेशनमध्ये, म्हणजे यीस्ट साखरेचं अल्कोहोल करत असताना, ते घालून काही उपयोग नाही. एवढं दोन ओळींत छापता आलं असतं त्यांना. मध फालतू दिला ते एकवेळ चालेल, पण हे नाही. याचे स्टार खरं तर उणे द्यायला हवेत.

तर कुणी घ्यावं का? मला विचाराल तर किट म्हणून नको. बरणी मात्र खरंच चांगली आहे, जाड काच, तोंड रुंद असल्यामुळे आत हात जातो, बूच दोन बॅचनंतरही घट्ट बसतंय. मला अजून दोन बरण्या हव्यात, एकीत मध आधी कढईत करपवून मग मीड करायची आहे, त्याला बोशे म्हणतात, आणि त्यात मात्र तो काळा मध वापरणार. म्हणून परत मेल केला की बरणी आणि एअरलॉक सुटे मिळतील का. उत्तर आलं, नाही, फक्त किटसोबत, आणि आता किटमधला मध 'नवीन सुधारित' आहे.