मेळघाट की भामरागड? नागपूरहून स्वतःच्या गाडीने जंगलात जाताना

नागपूरहून स्वतःच्या गाडीने दूरच्या जंगलात जायचे ठरले की मेळघाट आणि भामरागड ही दोन नावे हमखास समोर येतात. रानाच्या सौंदर्यात डावे-उजवे करत बसण्यापेक्षा, गाडी बंद पडलीच तर मदत किती लांबून येईल, या प्रश्नावर निवड करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेळघाटातील सेमाडोह अमरावती-परतवाडामार्गे अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. परतवाड्यापर्यंत पेट्रोल, पंक्चरवाले, मिस्त्री सगळे मिळतात; कसोटी लागते ती पुढच्या घाटात. उतारावर ब्रेक सतत दाबून धरला की तो तापतो आणि ऐन वळणावर पकड सोडतो, म्हणून चढाला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरावे. हाच रस्ता पुढे धारणीला जात असल्याने दिवसा त्यावर एसटी आणि मालवाहू गाड्यांची ये-जा असते, आणि अडलेल्या माणसाला सहसा फार वेळ एकटे थांबावे लागत नाही.

भामरागडचे तसे नाही. ब्रह्मपुरी, गडचिरोली, आलापल्ली असा हा प्रवास सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा असून आलापल्लीनंतर मोबाइलची रेंज मधूनमधून जाते. रेंजच नसेल तर ११२ हा क्रमांकही कामाचा नाही. त्यामुळे आलापल्लीलाच टाकी भरून घ्यावी, नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि स्टेपनीची हवा निघण्यापूर्वी तपासावी. जॅक गाडीत असून भागत नाही, घराच्या अंगणात एकदा तरी स्वतः चाक बदलून पाहावे. वाटेत तपासणी होऊ शकते, तेव्हा लायसन्स आणि गाडीची कागदपत्रे हाताशी असावीत. गडचिरोलीच्या या भागात मलेरियाचे प्रमाण मोठे आहे. मच्छरदाणी सोबत न्यावीच, शिवाय परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर आपण कोठे जाऊन आलो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पावसाळ्यात भामरागडचा विचारच करू नये. पर्लकोटा नदी फुगून पुलावर पाणी चढले की गावाचा संपर्क तुटल्याचे वर्षानुवर्षे घडत आले आहे. वाहते पाणी फूटभर असले तरी लहान गाडी उचलली जाऊ शकते, त्यामुळे पुढची गाडी पार झाली म्हणून आपलीही घालणे हा शुद्ध वेडेपणा होय. उन्हाळ्यात दोन्हीकडे सागाचा वाळका पाचोळा साचलेला असतो. तापलेला सायलेन्सर त्यावर येईल अशी गाडी उभी करू नये.

एकच गाडी असेल, सोबत लहान मुले किंवा वयस्कर मंडळी असतील, किंवा जंगलातला हा पहिलाच प्रवास असेल, तर मेळघाट निवडावे. दोन गाड्या, दोन अनुभवी चालक आणि मुक्कामाची आधी केलेली सोय असेल, तर दिवाळीनंतर भामरागडला अवश्य जावे. मात्र परतताना सकाळीच निघावे, म्हणजे अंधार पडण्यापूर्वी गडचिरोली मागे पडते.