बाळाचा लुळा हात: व्यायाम करत थांबायचं की नसांची शस्त्रक्रिया?

आमच्या लेकीचा उजवा हात जन्मापासून लुळा. बाळंतपणात खांदा अडकला आणि मानेतून हाताकडे येणाऱ्या नसा ताणल्या गेल्या. अर्ब्ज पाल्सी हे नाव एव्हाना तुमच्याही कानावर आलं असेलच.

पहिले तीन महिने तशी निवड नसतेच. बहुतेक बाळांच्या नसा नुसत्या ताणलेल्या असतात, आपसूक सुधारतात. तोवर दिवसातून अनेकदा खांदा, कोपर, मनगट अलगद फिरवायचं, म्हणजे सांधे आखडत नाहीत. झबलं घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. मालिशवाल्या मावशी "हात उतरलाय, ओढून बसवते" म्हणाल्या, तर मात्र हात लावू देऊ नका.

व्यायामात भूल नाही, टाके नाहीत. पण व्यायामाने सांधा मोकळा राहतो, तुटलेली नस जोडली जात नाही. आणि आम्ही फसलो ते इथेच. जो येई तो तिच्या मुठीत बोट देई आणि म्हणे, "पकड बघा किती घट्ट! सुधारतंय." तपासणीतही तेच ऐकलं. अहो, मूठ पहिल्या दिवसापासून वळत होती! इजा वरच्या नसांना होती, त्या खांदा आणि कोपर हलवतात. मूठ मुख्यतः खालच्या नसांवर चालते. कोपर वाकतंय का, हे तीन महिने कुणी विचारलंच नाही. ते वाकत नव्हतं.

साडेपाचव्या महिन्यात शस्त्रक्रिया केली. पोटरीतली संवेदनेची नस काढून मानेत जोडली. नंतरचे तीन आठवडे हात बांधलेला, तिची रात्ररात्र रड. नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, त्यामुळे कित्येक महिने काहीच दिसत नाही. चौदाव्या महिन्यात तिने त्या हाताने बिस्कीट तोंडापर्यंत नेलं. हात डोक्यावर पूर्ण जात नाही अजून, व्यायामही सुटलेला नाही.

तिसऱ्या महिन्याच्या आत कोपर स्वतःहून नीट वाकू लागलं असतं, तर मी बहुधा शस्त्रक्रियेच्या वाटेला गेलो नसतो. तुमचं बाळ वेगळं, निर्णय डॉक्टरांसोबतच घ्या. पण मूठही लुळी असेल किंवा त्याच बाजूची पापणी खाली आलेली असेल, तर इजा खोल असू शकते. नसांच्या सर्जनना लगेच दाखवा. एरवीही तिसऱ्या महिन्यात एकदा त्यांचं मत घ्याच. जाताना चांगला हात अलगद धरून, लुळ्या हाताचं कोपर वाकतं का याचा व्हिडिओ काढून न्या.