बोटाच्या ठशाने उघडणारी पिस्तुलाची तिजोरी: हिवाळा-उन्हाळा वापरल्यानंतर

पिस्तुलाच्या तिजोऱ्यांचे रिव्ह्यू वाचायला घेतले की जवळपास प्रत्येकात एकच कौतुक असतं: किती पटकन उघडते. अंधारात उघडली, झोपेतून उठल्या उठल्या उघडली, बोट टेकवताच उघडली. घरात मुलं असली की मला त्याआधी दुसरंच जाणून घ्यायचं असतं. ती कुणाकुणाच्या हाताने उघडत नाही? आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. सध्याची तिजोरी ऑक्टोबरात आली, आता उन्हाळा सरत आलाय.

पिस्तूल नवऱ्याचं आहे, ९ मिलिमीटरचं. तो रेंजवर जातो, अधूनमधून मीही जाते. मी कोल्हापूरची. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्या गावात वाढल्यामुळे नेमबाजीचं मला प्रेमच आहे. पण तिकडे सराव संपला की हत्यार रेंजच्या कुलपात जायचं आणि आपण रिकाम्या हाताने घरी. इथे ते आपल्याबरोबर घरी येतं, आणि आमच्या घरात सहा वर्षांची मुलगी आणि बारा वर्षांचा मुलगा आहे. कोलोरॅडोत १ जुलै २०२१ पासून कायदाही आहे: अल्पवयीन मुलाच्या हाती लागू शकेल अशा ठिकाणी बंदूक उघडी ठेवता येत नाही. कायदा नसता तरी आम्ही तिजोरी घेतलीच असती.

आधी मागवलेली तिजोरी आम्ही परत केली. कंपनीचं नाव घेत नाही. ती घरात आली तेव्हा रिकामीच दिवाणखान्यात सतरंजीवर ठेवली आणि मुलांना म्हटलं, उघडून दाखवा. धाकटीने एकेक करत सगळी बोटं लावून पाहिली, काही झालं नाही. थोरल्याने किल्लीच्या भोकात पेपरक्लिप घालून पाहिली, मग तिजोरी उलटी केली आणि मूठ वळून तळावर ठोसे घालायला लागला. चौथ्या की पाचव्या ठोशाला झाकण उघडलं. स्वस्त तिजोऱ्यांमध्ये कडी सोडवणारा सोलेनॉइड (विजेने मागे सरकणारा छोटा दांडा) हलक्या स्प्रिंगवर असतो, नेमक्या जागी हादरा बसला की तो क्षणभर मागे सरकतो. बोटाचा सेन्सर कितीही हुशार असला तरी त्याच्यामागची कडी अशी असेल तर त्या सेन्सरचा काय उपयोग?

ही भीती फक्त माझ्या घरची नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने बोटाच्या ठशावर चालणाऱ्या सुमारे ६१,००० तिजोऱ्या बाजारातून परत मागवल्या. नोंद न केलेल्या बोटांनीही त्या उघडत होत्या. अशाच एका तिजोरीतून बंदूक हाती लागून बारा वर्षांचा मुलगा गेला, असा दावा एका खटल्यात झाला होता. माझा मुलगा त्याच वयाचा आहे. ती बातमी वाचल्यापासून मी महिन्यातून एकदा पिस्तूल बाहेर काढून, रिकाम्या तिजोरीवर घरातल्या सगळ्यांची बोटं लावून बघते. सेल बदलल्यावर तर नक्कीच.

आता सध्याच्या तिजोरीबद्दल. जाड पोलाद, चार बोल्टनी कपाटाच्या तळाशी पक्की बसवलेली, आत चार डबल-ए सेल. ठोसे, आपटणं, पेपरक्लिप यांतलं काहीही तिला लागू पडलं नाही. चुकीचं बोट लागोपाठ लागलं की ती काही मिनिटं कुणालाच दाद देत नाही, अगदी नवऱ्यालाही. मला ही सोय फार आवडली.

त्रास झाला तो हिवाळ्यात. इथली हवा इतकी कोरडी की जानेवारीत बोटांची टोकं फुटतात. कातडीच्या उंचवट्यांतला विद्युतभाराचा फरक हा सेन्सर वाचतो, त्यामुळे कोरड्या भेगाळलेल्या बोटाला तो सरळ नाकारतो. कणीक मळून हात धुतल्यावर, भांडी घासून बोटं सुरकुतल्यावर तेच. यावर उपाय सापडला: एकाच बोटाची नोंद वेगवेगळ्या स्थितीत करायची. एकदा स्वच्छ कोरड्या हाताने, एकदा आंघोळीनंतर, एकदा तिरक्या बोटाने, एकदा ऐन थंडीत. दुसऱ्या हाताचंही एक बोट हवंच. एवढं केल्यावर नकार खूप कमी झाले, पण पूर्ण गेले नाहीत. 'संकटाच्या क्षणी उघडलीच पाहिजे' हीच तुमची एकमेव अट असेल तर आकड्यांची बटणं असलेलीच घ्या.

तिजोरीबरोबर जादा किल्ली येते, आणि तिच्याबद्दल रिव्ह्यूंमध्ये कुणी चकार शब्द काढत नाही. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी आवराआवर करताना ती किल्ली उचलून देवघराच्या ड्रॉवरमध्ये, उदबत्त्यांशेजारी ठेवली. त्यांच्या दृष्टीने किल्लीची ती सगळ्यात सुरक्षित जागा. पण त्याच ड्रॉवरमधून धाकटी रोज काडेपेटी आणून आजीला देते. आता ती किल्ली नवऱ्याच्या ऑफिसात असते. आणखी एक: पर्यटक व्हिसावर आलेल्या पाहुण्यांना, थोडे अपवाद सोडले तर, संघीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. त्यामुळे 'असू दे घरच्या मोठ्यांचं' म्हणून आई-वडिलांच्या बोटांची नोंद करू नका.

ओळखीतले विचारतात की तिजोरीपेक्षा सरळ ठसा ओळखणारं पिस्तूलच का घेत नाही. आमच्या शेजारच्याच ब्रूमफिल्डमध्ये बायोफायर कंपनी ते बनवते. २०१२ मध्ये डेन्व्हरजवळच्या ऑरोरातल्या चित्रपटगृहात गोळीबारात १२ जणांचा जीव गेला, त्यानंतर शाळकरी वयातच कंपनीचा संस्थापक काई क्लोपफर याने या कल्पनेवर काम सुरू केलं. २०२३ मध्ये पिस्तूल जाहीर झालं, तेव्हा किंमत होती १,४९९ डॉलर. ते बोटाचा ठसा किंवा चेहरा ओळखतं आणि हातातून सुटलं की पुन्हा बंद होतं. कल्पना मला मनापासून पटते. तिजोरीचं झाकण उघडं राहू शकतं, पिस्तूल पलंगावर राहू शकतं, अशा वेळी हत्यारच बंद असणं मोलाचं आहे.

या पिस्तुलांवरून इथे इतकी कडवट भांडणं का होतात, हे न्यू जर्सीच्या २००२ च्या कायद्याकडे बघितलं की कळतं. असं पिस्तूल देशात कुठेही विकायला आलं की काही काळाने त्या राज्यात फक्त तसलीच पिस्तुलं विकायची, असा तो कायदा. झालं उलटंच: देशभरचे बंदूकवाले असं पिस्तूल बाजारात येऊच नये म्हणून उभे राहिले. २०१४ मध्ये मेरीलँडच्या एका दुकानदाराने आर्माटिक्स कंपनीचं, सोबतचं खास मनगटी घड्याळ जवळ असेल तरच चालणारं पिस्तूल विकायचं ठरवलं, तर त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्याने माघार घेतली. २०१९ मध्ये न्यू जर्सीने कायदा सौम्य केला. सक्तीची भीती मी समजू शकते. दुकानदाराला धमकावणं अजिबात नाही. ज्या आईला असं पिस्तूल हवं होतं, तिची निवड त्या लोकांनी हिरावून घेतली. २०१७ मध्ये एका हॅकरने आर्माटिक्सचं तेच पिस्तूल साध्या लोहचुंबकांनी चालवून दाखवलं, म्हणून तंत्राबद्दलची शंका मात्र रास्त आहे.

तरी माझ्या मनात घोळते ती वेगळीच गोष्ट. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. मालकाचं बोट तिजोरी ओळखते, पिस्तूलही ओळखेल, पण त्या दिवशी त्याच्या मनात काय चाललंय ते दोघांनाही कळत नाही. ले-ऑफच्या बातम्या आल्या की आपल्या लोकांच्या घरांत काय ताण असतो ते मी जवळून पाहिलंय. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलंय: दोघांपैकी एकाचीही झोप उडाली, नोकरी गेली, घरात दुःख आलं, तर पिस्तूल काही काळ घराबाहेर ठेवायचं. कोलोरॅडोत तात्पुरती बंदूक ठेवून घ्यायला तयार असलेल्या दुकानांचा आणि पोलीस ठाण्यांचा नकाशाच उपलब्ध आहे. आपल्या माणसाबद्दल काळजी वाटत असेल तर आत्महत्या टाळण्यासाठी मदत करणारा ९८८ हा फोन क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

मुलं दुसऱ्यांकडे राहायला जाणार असली की मी फोनवर विचारते: घरी बंदूक आहे का, कुलपात आहे का. शेंगदाण्याच्या ॲलर्जीबद्दल विचारतो त्याच सुरात. अजून कुणी रागावलेलं नाही. आपल्या मराठी घरांत मात्र 'आपल्यात कुठे असतं' म्हणून हा प्रश्न टाळला जातो, आणि ते मला पटत नाही, कारण आमच्याच घरी आहे. आमच्याकडे मुलं येणार असतील तर त्यांच्या आयांनी विचारायच्या आधी मीच सांगते: पिस्तूल तिजोरीत आहे, काडतुसं वेगळ्या खोलीत कुलपात आहेत, बघायचं असेल तर वर चला. दोघीतिघी वर येऊन बघून गेल्या. एकीने स्वतःचं बोट लावून पाहिलं, आणि मला ते योग्यच वाटलं.